गेटवरच्या मासळीचं प्रायश्चित्त

उपवासकाळात आम्ही कॅथलिक माणसं काहीतरी सोडतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घरी यायचं आणि मग ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस कुणी गोड सोडायचं, कुणी दारू, कुणी मटण. माझा मुलगा सिरियल सोडतो, ज्या तो एरवीही बघत नाही. मी दर वर्षी मटण आणि चिकन सोडते. यात माझा मोठा त्याग आहे असं मला इतकी वर्षं वाटत आलं. सून म्हणते, "मम्मी, तुम्ही मटण सोडता आणि सुरमई धरता." खोटं नाही ते. शांती नगरातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर एक कोळीण रोज सकाळी टोपली घेऊन बसते, आणि या दिवसांत तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मीच.

ती जुन्या भाईंदरची. वीसेक वर्षं त्याच जागेवर बसतेय. मी तिला मावशी म्हणते, ती मला आंटी म्हणते. दोघींत मोठी कोण हे आम्ही कधी ठरवलं नाही, कारण दोघींनाही लहान राहायचंय.

तर झालं काय, यंदा एका शुक्रवारी दुपारी माझ्या मोबाइलवर एक मेसेज आला. तांबडी अक्षरं, माशाचा फोटो, बाजूला औषधाची बाटली. मासळी ताजी दिसावी म्हणून प्रेतं टिकवायचं औषध लावतात, खाल तर मराल, दहा जणांना पाठवा. मी सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर तो पुढे ढकलला. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मला गप्प बसवत नाही, हा माझा जन्माचा रोग. खाली पदरची एक ओळ घातली, "आपल्या गेटवरची पण जरा बघून घ्या गं." मग मोबाइल पर्समध्ये टाकून मी चर्चला क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेले. त्या वाटेवरच्या चौदाही थांब्यांवर गुडघे टेकले. येशूवर लोकांनी खोटं बालंट कसं आणलं हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. आणि त्याच वेळी माझी ओळ घरोघर पोहोचत होती.

पूर्वी चहाडी करायची तर जिना चढावा लागायचा. तिसऱ्या मजल्यापर्यंत जाता जाता गुडघे बोलायला लागायचे आणि अर्धी चहाडी वाटेतच विसरायला व्हायची. आता अंगठा हलवला की काम झालं. देवाने हातांना दहा बोटं दिली, त्यातल्या अंगठ्याचा हिशेब तो वेगळा मागेल असं मला हल्ली वाटतं.

पुढच्या आठवड्यात मावशीची टोपली दुपारी बारालाही भरलेली दिसायला लागली. आमच्याकडे निम्मी घरं मासळी खात नाहीत. उरली ती कोकणातली मंडळी, दोन बंगाली घरं आणि आम्ही. मी आपली सोमवारी तिच्याकडून बोंबील घेऊन आले, कारण तिची मासळी ताजी असते हे मला चांगलं ठाऊक होतं. बघा म्हणजे.

मावशी म्हणाली, "आंटी, पुढल्या म्हयन्यापासून मी हितं न्हाय येत. खारीच्या बाजाराला भन बसते, तिच्या बाजूला बसंन."

बहिणीच्या जागेवर कोपऱ्यात बसायचं म्हणजे आपलं गिऱ्हाईक नाही, आपला शब्द नाही. मला वाईट वाटलं. वर येऊन मी शेजारणीला म्हटलं, की अगं, मावशी जायची म्हणते, तुम्ही कुणी घेत का नाही तिच्याकडून. ही शेजारीण रत्नागिरीची, मासे म्हणजे जीव की प्राण. ती म्हणाली, "काकू, तुम्हीच लिहिलं होतं ना? आम्हाला वाटलं, रोज चर्चला जाणारी बाई, ती उगाच कशाला लिहील?"

मेसेज कुणा परक्याचा होता. त्याला खरेपणा आला तो माझ्या प्रार्थनेमुळे.

ईस्टरच्या आठवडाभर आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला गेले. फादर तरुण, माझ्या नातवाहून थोडे मोठे. मला वाटलं होतं, तीनदा नमो मारियाची प्रार्थना म्हणायला सांगतील नि सोडतील. त्यांनी विचारलं, "तिला सांगितलंत?"

"नाही, फादर."

"मग आधी तिच्याकडे जा. आणि जिथे लिहिलंत, तिथेच पुन्हा लिहा."

मी म्हटलं, "फादर, त्यापेक्षा आख्खी रोझरीची माळ दिलीत तर?"

जाळीच्या पलीकडे हसल्याचा आवाज आला. "ती पण म्हणा."

ग्रुपवर लिहिलं, की मी न बघता लिहिलं होतं, ते खोटं होतं, मावशीची मासळी मी स्वतः खाते, मला माफ करा. त्यावर दोन अंगठे आले, एक फुलांचा गुच्छ आला, आणि लगेच कुणीतरी विचारलं, पाण्याचा टँकर कधी येणार.

सोमवारी सकाळी खाली गेले. कसंबसं सांगितलं. मावशी कोलंबी सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "मना म्हायती हाय. पयल्या मजल्यावरच्या बाईनं तवाच दाखवला."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू बोंबील घेत व्हतीस. हातातल्या गिऱ्हाईकाशी कोन भांडतं?"

मी म्हटलं, ग्रुपवर माफी मागितली आहे. ती म्हणाली, "ती कोन वाचंल, कोन न्हाय. तू हितं बस." आणि थर्माकोलचा रिकामा खोका पालथा करून माझ्याकडे सरकवला.

मी बसले. गुड फ्रायडेचा दिवस सोडून आठवडाभर बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला हाक मारायची, माशाचा कल्ला उचलून लाल रंग दाखवायचा आणि सांगायचं, की मी लिहिलं ते खोटं होतं. पहिल्या दिवशी मी टोपलीकडे बघूनच पुटपुटले. तिसऱ्या दिवशी मावशीने दम दिला, "आंटी, जरा हलू बोल, मासं घाबरतील." सेक्रेटरी गुजराती, शुद्ध शाकाहारी. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आंटीजी, आपने भी धंधा चालू किया?" मावशीनेच उत्तर दिलं, "इसको भाव नहीं आता, खाली बडबड आता है."

रत्नागिरीची शेजारीण बुधवारी आली. तिच्या तोंडावर ते वाक्य म्हणणं सगळ्यात कठीण गेलं. तिने स्वतः कल्ला उचलून बघितला, वास घेतला, आणि मांदेली घेतली. दुसऱ्या दिवशी तिच्यामागून आणखी तीन बायका आल्या. सगळ्या काही परत आल्या नाहीत. दोन घरं अजून दुकानातली बर्फातली मासळी आणतात, आणि ती माझी करणी आहे. ती मी फादरांपुढे सांगून मोकळी झाले, म्हणून त्या घरांतून पुसली गेली असं नाही.

शनिवारी टोपली अकरालाच रिकामी झाली. मी भीत भीत विचारलं, "मग खारीला कधी जातेस?"

मावशीने ते ऐकलंच नाही असं केलं. टोपली झटकत म्हणाली, "उद्या काय ठेवू तुला?"

"उद्या ईस्टर, मावशी. उद्या आमच्याकडे मटण."

ती थांबली. "चालीस दिस माजं खाल्लंस, नि सनाला खाटकाकडं?"

ईस्टरच्या दुपारी आमच्या टेबलावर मटण होतं आणि त्याच्या बाजूला सुरमईचं कालवण होतं. मुलाने विचारलं, "मम्मी, हे दोन्ही कशाला?" मी म्हटलं, "मोठा सण आहे, गप्प जेव." सुरमई आधी संपली. सोमवारी सकाळी खाली जाऊन मी तसं सांगितलं, तर मावशी टोपलीपुढच्या बायकांकडे बोट दाखवत म्हणाली, "ते मना नको सांगू, ह्या बायकांना सांग."