पेरूच्या झाडावरचं मडकं

मुलांनो, मागच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा आजोबांच्या कबरीवर, त्यांच्या नावाखाली, तुमच्या बाबाचं नाव वाचलंत आणि विचारलंत की एका कबरीत दोघं मावले कसे. मी म्हटलं, घरी चला, ऊन लागेल. ते उत्तर नव्हतं. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि प्रश्नाला बगल देणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं करत असे. म्हणून आता नीट लिहिते आहे. तुमची मराठी कच्ची आहे, आई वाचून दाखवेल.

साथीच्या त्या उन्हाळ्यात तुमचा बाबा दिल्लीत गेला. तुम्ही फार लहान होतात आणि तुमची आई स्वतः तापाने अंथरुणाला खिळलेली होती. गाड्या बंद, मी इथे झाशीत. त्याचा देह कुणाच्या हाती दिलाच नाही. परस्पर नेऊन दहन केलं. आपण ख्रिस्ती माणसं, आपल्यात पुरतात. शेवटचा चेहरा बघतात, पेटीवर मूठभर माती टाकतात, आणि म्हणतात की शेवटच्या दिवशी हा उठेल. मला चेहरा मिळाला नाही, पेटी मिळाली नाही. त्याच्या ऑफिसातला एक मित्र परवाना काढून गाडीने आला आणि लाल फडक्याने तोंड बांधलेलं एक मातीचं मडकं ओट्यावर ठेवून, लांबूनच हात जोडून, रडत परत गेला.

मी ते मडकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं, बाबा बसायचा त्या जागी. दुसरी कुठली जागा मला सुचली नाही. फोन येत होते. तो आता अधिक चांगल्या जागी आहे, असं जो तो सांगत होता. त्या जागेची सगळ्यांना खात्री होती, जायची घाई मात्र कुणालाच नव्हती. मी 'हो, हो' म्हणत असे आणि फोन ठेवल्यावर देवाला इंग्रजीत बोल लावत असे. मराठीत मला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. लहानपणापासून रोज विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणत आले होते, त्यात 'देहाचे पुनरुत्थान' हे शब्द येत. आता तिथे पोचले की तोंड मिटायचं. कोणता देह? टेबलावर होतं ते मी दोन्ही हातांनी सहज उचलू शकत होते. जन्मला तेव्हा तो याहून जड होता.

पाद्रीसाहेब आजारी होते, म्हणून मी चर्चच्या एका वडीलधाऱ्या सभासदाला भेटायला गेले. ते फाटकाच्या आतून म्हणाले, "माताजी, बॉडी तो है नहीं, सर्विस किसकी करें? पादरी साहब ठीक हो जाएँ, तब देखेंगे।" माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. पण मी त्याला अजून पुरती क्षमा केलेली नाही, हेही लिहून ठेवते.

परत आले तर टेबल रिकामं. अंगणात बघितलं, आणि माझा मुलगा पेरूच्या झाडाला टांगलेला होता.

शेजारच्या इंदूताई तुम्हाला आठवतात, तुम्हाला गुळपोळी देणाऱ्या? गल्लीत मराठी घरं दोनच. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर आलेले, आम्ही आजोबांच्या रेल्वेच्या नोकरीपायी नगरहून. माझ्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्या रोज डबा ओट्यावर ठेवून जात, त्या दिवशी कुलूप बघून आत ठेवायला गेल्या, टेबलावर मडकं बघून हादरल्या, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी ते बाहेर फांदीला बांधलं. झाडाखालीच उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून.

मी ओरडले. "तो माझा मुलगा आहे, कांद्याची टोपली नाही!"

"गुस्सा करा वहिनी, पण ऐका. अस्थी घरात नाही ठेवत हो. जीव अडकून राहतो. आणि तुम्ही तर जेवता त्या टेबलावर!"

"आमच्यात काही अडकत नाही."

"मग तुमच्यात काय करतात ते तरी करा ना! माझा भाचा ओरछ्याला नेईल, बेतवेत सोडेल म्हटलं, तर तेही नको. तुमच्यात पुरतात. आता पुरायला उरलंय काय?"

बोलून गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. मी ओट्याच्या पायरीवर बसले. इतके दिवस कुणी हा प्रश्न मला विचारला नव्हता. सगळ्यांनी त्यावर मऊ पांघरूण घातलं होतं. जरा वेळाने त्याही बसल्या, अंतर ठेवून, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "रागावू नका. खरंच विचारते. तुमच्यात परत उठतात ना? मग असा... असा झालेला माणूस उठला, तर तुम्ही त्याला ओळखणार कशा?"

मी रागातच होते. विचार न करता म्हणाले, "मी कशाला ओळखायला हवं? तो मला हाक मारेल."

हे मी ठरवून बोलले नव्हते. मग त्यांना सांगितलं, आमच्या येशूची कबर रिकामी दिसली तेव्हा मरीया नावाची त्याची एक शिष्या बाहेर रडत उभी होती. तो समोर आला तरी तिला ओळखू आला नाही, तिला वाटलं बागेचा माळी आहे. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा कळलं.

इंदूताईंनी डोळे पुसले. "तुमचा तर 'आईजी' म्हणून हाक मारायचा. झाशीचं पाणी! चिरगाँवपर्यंत ऐकू जायची."

तो गेल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा रडले. पायरीवर बसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

मडकं त्यांनीच उतरवलं. त्याच संध्याकाळी पाद्रीसाहेबांचा फोन आला. धाप लागत होती, तरी म्हणाले, "दीदी, मिट्टी को मिट्टी देनी है, वज़न थोड़े ही देखना है। मैं आऊँगा।" त्यांना कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. त्यांना जरा चालता येऊ लागल्यावर आजोबांच्या कबरीत, उशाशी, मडक्यापुरती जागा उकरली. म्हणून दोघं मावले. पाद्रीसाहेब, मी आणि इंदूताई, एवढीच माणसं. विश्वासांगीकार मी सगळा म्हटला.

मला उत्तर मिळालं असं समजू नका. तो का गेला हे मला आजही ठाऊक नाही, आणि देवावरचा राग पुरता गेलेला नाही. पण त्या दिवशी एवढं कळलं की स्वाधीन करायला मन शांत व्हावं लागत नाही. रागावलेल्या हातांनी दिलेलंही तो घेतो. माझ्याने जे जपवत नव्हतं, ते मी त्याच्याकडे दिलं. माझा विश्वास आटला होता तेव्हा एका परधर्माच्या बाईने तो माझ्याच तोंडून वदवून घेतला. याबद्दल मी रोज आभार मानते, आता मराठीत.

मडकं पुरून कबरस्तानाच्या फाटकाकडे निघालो तेव्हा इंदूताईंनी माझा दंड धरला. "वहिनी, आता मागे वळून बघायचं नाही हं."

"आमच्यात बघतात," मी म्हणाले. अशी काही रीत नाही आपल्यात. पण जो यायचा आहे, त्याच्याकडे पाठ कशी करायची?

मी वळून बघितलं. इंदूताई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनीही बघितलं.