कोरेगावचे जाधव

हे मी वडिलांना सांगितलेलं नाही. आमच्या कलापथकातल्या कुणालाही नाही. ज्या एका माणसाला हे ठाऊक आहे, तिला सांगायची गरजच पडली नाही, कारण ती तेव्हा माझ्या शेजारी सोफ्यावर बसली होती. आणि तिनं आजवर तोंड उघडलेलं नाही. म्हणून तर माझं निभावलं — भाषणं ठोकणं, पत्रकं लिहिणं, ताठ मानेनं वावरणं.

तुम्हाला सांगतो. पण सुरुवात गिटारपासून करू द्या. तो भाग सोपा आहे.

मी बेस वाजवतो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती चालू असताना फारसं कुणाचं लक्ष जात नाही. बंद पडली की मात्र गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. खांदेश्वरच्या आमच्या विहारामागच्या खोलीत आम्ही तालमी करतो. ढोलकी, कीबोर्ड, मी, आणि पुढं माइकवर विशाखाताई. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, कामगारांच्या मोर्चाला आम्ही गातो. ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. मी शाळेत होतो तेव्हापासून तिच्यामागं फिरतोय. मला कायम ‘बारक्या’ म्हणायची. माझी मिशी आल्यावरसुद्धा, भर स्टेजवरून — “बारक्या, आवाज दे जरा, का उपाशी आलायस?”

माझी पहिली बेस कॉलेजातल्या एका मुलाकडून घेतलेली. त्याला ती घरातून बाहेर काढायची होती, मला घरात आणायची होती. प्लायवूडची होती. तिची मान दमट हवेनं वाकली होती. वरच्या पट्ट्यांवर तार दाबली की खडखडायची, आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत सुरातून उतरायची. वायर जरा हलली की स्पीकरमधून कर्रर्र. एकदा ऐन कार्यक्रमात ताई वरचा सूर लावून उभी आणि खाली माझा आवाजच गेला. उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, “अरे, ढोलकी मला पाय उचलायला लावते. पण पाय ठेवायला जमीन तू द्यायची ना?”

मग दुसरी घ्यायची ठरली. वाशीच्या दुरुस्तीवाल्यानं जुनीची मान बघून नुसती मान हलवली होती. आमच्या बजेटमध्ये दुकानात नवीन मिळत होती ती म्हणजे त्याच जातीची वस्तू, नव्या रंगात — हो, जात हा शब्द असा सहज येतो बघा. दुकानात एक पाच तारांची बघितली. खालचा आवाज सुंदर, पण दोन तास उभं राहून वाजवायला जड, आणि किमतीला त्याहून जड. तेव्हा जुनीच पण चांगली शोधायची असं ठरलं. मान सरळ हवी, लाकूड खरं हवं, वजन खांद्याला झेपेल एवढं. बाकी रंग गेला, ओरखडे असले तरी चालतील. बरेच दिवस मोबाइलवर जाहिराती चाळत होतो. शेवटी बेलापूरमधल्या एका मोठ्या सोसायटीतली एक सापडली. विकणारा रोहन, महाप्याला आयटीत होता. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायचा. आता घरात बाळ येणार म्हणून खोली रिकामी करत होता. फोनवर छान बोलला. भावही फोनवरच ठरला.

हे लक्षात ठेवा — भाव आधीच ठरला होता. नंतर जे झालं ते पैशासाठी झालं असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

ताई सोबत आली. “माझ्या गळ्याखाली वाजणार ना ती? मग मी ऐकूनच घेणार.”

आता माझ्याविषयी थोडं. बेलापूरच्या कोर्टाजवळ वडिलांचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. वकिलांची कामं झाली की त्याच मशीनवर ते चळवळीची पत्रकं काढतात. मी लहानपणी गोष्टीची पुस्तकं कमी वाचली. पत्रकांना घड्या घालता घालता ती वाचून वाढलो. मोठा झाल्यावर स्वतः लिहायला लागलो. त्या गिटारच्या आदल्या वर्षी मी एक पत्रक लिहिलं होतं — आडनाव विचारणाऱ्यांबद्दल. नाव लपवणारा माणूस स्वतःचं अर्धं अंग कापून समोरच्याच्या हातात देतो, असं त्यात एक वाक्य होतं. ते लोकांना फार आवडलं. ताईनं ते एका सभेत मोठ्यानं वाचून दाखवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

त्याच ताईसोबत मी रोहनच्या घरी गेलो.

दारावर आडनावाची पाटी होती. आत देवघरात समई लागलेली. कुणी आम्हाला अडवलं नाही, उंबऱ्याबाहेर थांबवलं नाही, तसलं काही झालं नाही. उलट रोहनच्या आईनं हसून पंखा वाढवला, “बसा, ऊन फार आहे” म्हणाल्या. मी गिटार हातात घेतली. काय सांगू तुम्हाला — खालची तार नुसती सोडली तरी छातीत घुमली. मान सरळ. एकही पट्टी खडखडत नव्हती. मी तिच्यात पार गुंतलो होतो, आणि तेवढ्यात काकूंनी विचारलं —

“आडनाव काय म्हणालास रे तू?”

“जाधव.”

“कुठले जाधव?”

मराठी माणसाला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जाधव सगळ्यांत असतात. ‘कुठले’ म्हणजे गाव नव्हे. तो प्रश्न निरागस नाही, हे मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. हसून विचारला, पंखा वाढवून विचारला, तरी नाही. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, त्यावर मी पानभर लिहिलं होतं. छापलं होतं. वाटलं होतं.

मी म्हणालो, “साताऱ्याकडचे.”

आम्ही परभणीचे. पूर्णा तालुक्यातले. सातारा मी एसटीच्या खिडकीतून पाहिला असेन तेवढाच.

का म्हणालो? — मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. भीती होती का? कसली? फार तर काय झालं असतं — चेहरा जरा बदलला असता, आवाज जरा उतरला असता. तेवढंच. कदाचित तेही नसतं झालं. पण हातात ती गिटार होती, त्या घरात मला चांगलं वाटत होतं, आणि ते चांगलं वाटणं आणखी थोडा वेळ टिकावं असं मला वाटलं. याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी — पण काकूंचा चेहरा उजळला. “अगं बाई! आमचं माहेर तिकडचंच. कुठलं गाव?”

मला साताऱ्याचं एक गाव आठवेना. डोकं रिकामं झालं. आणि त्या रिकाम्या डोक्यातून माझ्या तोंडी एक नाव आलं — बहुतेक पाठ असलेलं तेवढं एकच नाव होतं माझ्याजवळ.

“कोरेगाव.”

ते कोरेगाव भीमेकाठचं. पुण्याजवळचं. दर एक जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आम्ही जिथं जातो ते. वडिलांच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा गेलो होतो. ताईचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तिथंच. साताऱ्यातही एक कोरेगाव आहे, हे मला माहीतसुद्धा नव्हतं. काकूंना होतं.

“कोरेगावचे जाधव! अरे, माझ्या आत्याचं सासर कोरेगावला.” आणि आतल्या बाजूला वळून, “रोहन, घरातलाच मुलगा आहे रे. ती केस पण देऊन टाक त्याला, ठेवून काय करायचीय?”

रोहन गिटारची ती कडक काळी केस घेऊन आला. ठरलेल्या भावात ती नव्हती. मी घेतली. “थँक यू काकू” म्हणालो.

ताई माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. माणूस ओळखीचा वाटावा पण नाव आठवू नये, तेव्हा आपण जसं बघतो, तसं. मग काकूंनी तिच्याकडं हनुवटी केली, “आणि ही?” ताई बोलायला पुढं सरकली — आणि ती काय बोलणार हे मला माहीत होतं. तिनं नाव सांगितलं असतं आणि जय भीम घातला असता, दारावर, बसमध्ये, कलेक्टरच्या केबिनमध्ये घालते तसाच. तिच्या आधी मी बोललो.

“ह्या मॅडम गातात. प्रोग्रॅमला बोलावतो आम्ही त्यांना.”

ह्या. मॅडम. त्यांना. जिला मी जन्मभर ‘ताई, तू’ म्हणत आलो, तिला मी आदर देऊन दूर सारलं. मराठीत हेही करता येतं. शिवी न देता, आवाज न चढवता.

रोहन उत्साहानं म्हणाला, “मॅडम, मग गा ना काहीतरी! बेसबरोबर ऐकू या.”

ताईला गाणी येतात ती सगळी आमची. तिच्या पहिल्या ओळीलाच माझं कोरेगाव उघडं पडलं असतं. मी तारांकडं बघत राहिलो. वर बघायची हिंमत नव्हती. आणि तुम्हाला खरं सांगतो — मी तिच्या डोळ्यांत न बघता, मनातल्या मनात, तिला विनवत होतो. माझ्या खोट्यात सामील हो म्हणून.

ती गायली. नुसता आकार. एक शब्द नाही. आमच्या नेहमीच्याच गाण्याची चाल, शब्द काढून टाकलेली. मी खाली बेस धरली. फार सुंदर झालं ते. काकू म्हणाल्या, “काय गोड गळा आहे!” रोहननं टाळ्या वाजवल्या. ज्या बाईनं कधी कुणासमोर एक अक्षर मागं घेतलं नाही, तिनं माझ्यासाठी सगळं गाणं गिळलं.

खाली सोसायटीच्या गेटबाहेर आम्ही रिक्षाची वाट बघत उभे होतो. केस माझ्या हातात. ताई म्हणाली,

“कंदी पेढे कधी देताय मग, कोरेगावकर?”

मी हसलो. ती चेष्टा करतेय, म्हणजे मिटलं असं मला वाटलं — की वाटून घेतलं? ‘देताय’ हा शब्द मी ऐकलाच नाही. रिक्षा आली. ती पलीकडच्या बाजूला बसली, आमच्यामध्ये केस उभी.

त्या दिवसापासून ताई मला ‘तुम्ही’ म्हणते. बारक्या नाही. “जाधव, तुम्ही जरा खालची तार लावून घ्या.” “तुम्ही दुसऱ्या कडव्याला थांबा.” भांडली नाही, तालीम चुकवली नाही, गाण्यात कधी कमी पडली नाही. नवीन पोरांना वाटतं, ताई या माणसाला केवढा मान देते. ढोलकीवाला एकदा म्हणालासुद्धा, “भाई, तुझी तर वट वाढली!” मी ते ऐकून घेतलं. पुढं त्याच वर्षी मी स्वाभिमानावर आणखी एक पत्रक लिहिलं. तेही चांगलं झालं. ताईनं ते वाटलं, पण कुठं वाचून दाखवलं नाही.

माफी? नाही मागितली. बऱ्याचदा तालमीनंतर खोलीत आम्ही दोघंच असतो, ती वायरी गुंडाळत असते. तेव्हा बोलता आलं असतं. मी “चला, निघतो” म्हणून निघतो.

एकदा रोहनचा मेसेज आला. जयंतीच्या आमच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ त्यानं कुठंतरी पाहिला होता — मागं निळं बॅनर, पुढं ताई, बाजूला मी, त्याच्या गिटारसकट. त्यानं लिहिलं होतं, ‘काय गातात त्या! त्या दिवशी आमच्याकडं हे का नाही गायलात?’ बस एवढंच. त्याला काही कळलं होतं की नाही, माहीत नाही. त्याच्या आईनं तो व्हिडिओ पाहिला की नाही, तेही माहीत नाही. मी तिथं तरी खरं लिहू शकलो असतो. अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि मोबाइल खिशात टाकला.

गिटार अजून माझ्याकडंच आहे. विकावी असं एकदाही वाटलं नाही. ती चांगली आहे. दुसऱ्या गाण्याला सूर उतरत नाही, तार खडखडत नाही. लोक म्हणतात, आता तुमच्या गाण्याला खालून भक्कम आधार आला.

हा मजकूर मी कलापथकाच्या अंकाला देतोय. ताईला आधी दाखवलेला नाही. दाखवला असता तर तिनं तो सगळा वाचून, नीट घडी घालून मला परत दिला असता, आणि म्हणाली असती, “कशाला छापताय? राहू द्या.” तिनं मला पुन्हा एकदा झाकलं असतं — आणि मी झाकून घेतलं असतं. म्हणून दाखवला नाही.