अक्कानं थांबवलेलं विमान

अक्का गेली त्या दिवशी मी गगनबावड्याला एका शाळेच्या तपासणीसाठी गेलो होतो. धुक्यात फोनला रेंज नव्हती. कोल्हापूरच्या वाटेला लागल्यावर भाचीचे मिस्ड कॉल एकदम दिसले आणि उलटा फोन लावल्यावर कळलं... हृदयविकाराचा झटका. त्याला आता दीड महिना झाला.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण शैलजा, हवाई वाहतूक नियंत्रक होती. कुणी कामाबद्दल विचारलं तर म्हणायची, "दोन विमानं एका वेळी एका उंचीवर एका जागी येऊ द्यायची न्हाईत. एवढंच हाय." नोकरीच्या मधल्या काळात ती बाहेरगावच्या एका छोट्या विमानतळावर होती. तिथं रडार नव्हतं. वैमानिक रेडिओवर सांगेल ते ऐकायचं आणि त्यावरून मनात आकाश मांडायचं.

एका सकाळी प्रवासी विमान उत्तरेकडून उतरायला येत होतं. एकटाच सराव करणाऱ्या एका शिकाऊ वैमानिकानं आपण दक्षिणेला असल्याचं कळवलं होतं, म्हणून अक्कानं प्रवासी विमानाला खाली यायची परवानगी दिली. एवढ्यात तो शिकाऊ सहज बोलून गेला, की खाली साखर कारखान्याची चिमणी दिसतेय. त्या भागात कारखाना एकच, आणि तो उत्तरेला. अक्कानं त्याच क्षणी प्रवासी विमानाला आहे त्या उंचीवर थांबवलं आणि शिकाऊला वर चढू नकोस म्हणून बजावलं. थोड्या वेळानं मोठ्या विमानाचा वैमानिक म्हणाला, "एक छोटं विमान आत्ता आमच्या खालून गेलं."

आत बसलेल्या प्रवाशांना काहीच कळलं नाही. अहवाल मात्र अक्कानं स्वतः लिहिला आणि त्यात स्वतःची चूकही लिहिली: शिकाऊनं सांगितलेली जागा तिनं परत विचारून पक्की केली नव्हती. चौकशी होईपर्यंत तिला कामावरून बाजूला बसवलं. ती घरी आली तेव्हा आई चिडली. "कुणाला कळलं नसतं की! कशाला लिहून दिलंस?"

"उद्या माझ्या जागी दुसरं कोण बसलं, तर त्याला कळाय नको व्हय?" अक्का म्हणाली आणि जेवायला बसली. ती फार जेवली नाही, एवढं मला आठवतं. पुढं तिला कामावर परत घेतलं. प्रवासी विमान उतरेपर्यंत सरावाची विमानं जमिनीवरच ठेवायची, असा नियमही तिथं झाला.

दहाव्यानंतर एक गृहस्थ भेटायला आले. आता मोठी विमानं चालवतात. म्हणाले, "तो शिकाऊ मीच. उतरून भेटायला गेलो तेव्हा मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, उद्या उड. उद्या न्हाई उडलास तर परत कधी उडायचा न्हाईस."

कोल्हापूरच्या विमानतळाजवळ, गडमुडशिंगीतल्या तिच्या खोलीच्या खिडकीतून उतरणारी विमानं दिसतात. आम्ही बोलत असताना एक आलं. ते गृहस्थ उठून खिडकीशी गेले आणि विमानाची चाकं टेकेपर्यंत तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "उतरलं."