मीरिमला कुठे बसवायचं

नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, जाजमं कापण्यात साऱ्या नारिन गावात कालीमानचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण वसंतातल्या नवरूज सणाचं शुभेच्छाकार्ड फोनवर करायला घेतलं आणि बाईच्या नाकी नऊ आले. कार्डावर ट्यूलिपच्या महिरपीत दोन गोल होते. एकात ती आणि नात मीरिम. दुसऱ्यात मॉस्कोच्या बर्फात मुलगा उलान, सून आयझादा आणि त्यांची धाकटी दोघं उभी. खरी पंचाईत मीरिमची होती.

उलानची ही पहिली लेक, तिथल्या रीतीप्रमाणे दूध सुटताच आजीच्या ओटीत घातलेली. आजीला ती आई म्हणे, बापाला दादा आणि जन्मदात्रीला वहिनी. गेल्या थंडीत आयझादाने फोनवर चाचरत विचारलं होतं, "आई, मीरिमला आता इकडच्या शाळेत घालू या का?" तेव्हा कालीमानने "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" करून फोन ठेवला होता.

आता पोरीला आपल्यापाशीच ठेवावी, तर सून सणासुदीला डोळ्यांत पाणी काढणार. तिकडे बसवावी, तर शब्द दिल्यासारखं होणार. दोन्हीकडे ठेवून पाहिली, तर जुळ्या मुली दिसायला लागल्या! नमद्यात एका रंगाची नक्षी कापून काढली की तिथे दुसऱ्या रंगाची चपखल बसते. इथे मीरिमला उचललं की आजीशेजारी नुसतं भोक. असली कसली मेली कापाकापी!

"मीरिम, तुला कुठे बसवू गं?"

कणीक मळता मळता पोरगी म्हणाली, "वहिनीजवळ."

कालीमान फणकारली. "का? मी काय खाते तुला?"

"अगं आई, तुझ्याजवळ रोजच बसते की. वहिनीजवळ कधी बसलेय मी?"

मन फिरायच्या आत कालीमानने तिला तिकडे बसवलं आणि कार्ड धाडून दिलं.

लगेच फोन वाजला. आयझादा रडत होती की हसत होती, देव जाणे. "आई, खरंच? कधी पाठवताय तिला?"

"अगं, कार्ड आहे ते. नुसतं कार्ड!"

पलीकडून बारीक आवाज आला, "बरं, आई."

एवढ्याशा 'बरं'ने कालीमान पार खचली. तिने वळून पाहिलं. मीरिमचे हात कणकेतच थांबले होते. ती डोळे मोठे करून फोनकडे बघत होती. तिला जायची भीती वाटतेय की राहायची, आजीला काही उमगेना.

"उन्हाळ्यात येईल," कालीमान फोनमध्ये म्हणाली. सुट्टीपुरती की कायमची, हे आयझादाने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर कालीमानला सांगता आलं नसतं.