केरबाच्या पाठीवरचा डाग

केरबा धनगर लांडग्याला कधी भ्याला नव्हता. दवाखान्यात मात्र त्याची पाचावर धारण बसली. दुष्काळात फुलंब्रीकडची मेंढरं विकून तो हर्सूलच्या नव्या इमारतींवर सिमेंटच्या गोण्या वाहायला लागला, आणि आता दोन्ही पाय बधिर पडत चालले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बाबा, छातीमागच्या मणक्यातली गादी सरकून मज्जारज्जूवर दाबतेय. बारीक छिद्रातून नळी घालून ऑपरेशन करायच्या दोन वाटा आहेत. एक पाठीतून, त्यात फुफ्फुसाला धक्का नाही. दुसरी कुशीतून, फासळ्यांमधून. तिकडून गादी समोर दिसते, पण एक फुफ्फुस तेवढ्यापुरतं मिटवावं लागतं. तुमचं पाठीतून जमेल.”

फुफ्फुस मिटवायचं! बरगडीत लांडग्याचा दात शिरलेली मेंढी कशी तडफडते, ते केरबानं पाहिलं होतं. पाठीतून म्हणताच त्याला हायसं वाटलं.

“सदरा काढा,” बाई म्हणाल्या.

आली का पंचाईत! मेंढी आखडली की डाग द्यायचा, ही त्यांची जुनी रीत. बायकोनं, सारजाबाईनं, विळा तापवून केरबाच्याही पाठीवर डाग दिला होता, नेमका त्याच जागी. तो चिघळला, आणि बायकोला बोल नको म्हणून ह्या शहाण्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं.

बाईंनी कपाळाला हात लावला. “इथून नळी घातली तर पू थेट मणक्यात जाईल. जखम भरायची वाट बघितली तर पाय जातील. आता कुशीतूनच.”

सारजाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. “जळो माझे हात,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी केरबाला टेबलावर कुशीवर निजवलं. लोकर कातरताना त्यानं किती मेंढ्या अशाच पाडल्या होत्या. पडली की मेंढी गप होते, आणि तो म्हणायचा, शहाणी हाय. शहाणी कसली! भेदरून गप पडलेली असते बिचारी. आज त्यालाही ओरडायचं होतं, पण तोंडातून आवाजच निघेना.

शुद्धीवर आला तेव्हा बरगडीतून नळी निघालेली, श्वास टोचत होता. सारजाबाई पायाशी उभी होती, हात पदरात लपवून.

“सारजे, पायाला हात लावून बघ.”

“नाय वं. मी नाय आता तुमाला हात लावायची.”

“लाव म्हणतो ना. लई भ्या वाटतंय मला.”

तिनं डोळे मिटून उजव्या पायाचा अंगठा कचकन चिमटला.

“अगं, मारती का काय!” केरबा कळवळला.

तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं डावाही अंगठा चिमटला, आणि केरबानं शिवी हासडली.