चौदा सेकंदांची नांगरट

नंदाबाईला नांगर धरताना कुणी पाहिलंय का, असं तिकोणा पेठेत विचाराल तर एक माणूस हात वर करायचा नाही. आणि खरं सांगायचं तर तिला अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलंय. रविवारी सकाळी, टीव्हीवर, चौदा सेकंद.

त्याचं असं झालं. बत्तीस वर्षांमागं ‘किल्लेदाराची सून’ ही मालिका तिकोण्याच्या पायथ्याला घेतली होती. ऐन आषाढात. गडाच्या सोंडेवर, गावाला लागूनच, प्लायवूडचा बुरूज उभा केला होता. गावातली धट्टीकट्टी माणसं शिपाई म्हणून नेली, त्यात भिमाजी सगळ्यांच्या पुढं. लग्नाला चार वर्षं झालेली, मिशीला नुकतंच वळण आलेलं. त्याला पागोटं मिळालं, ढाल मिळाली, दुपारची पुरी-भाजी मिळाली. घोळ एकच झाला. शिपाई मिळाला तो शत्रूच्या बाजूचा. तीन दिवसांत भिमाजी त्या बुरुजावरून सात वेळा पडून मेला.

इकडं खाचरात पाणी भरलेलं, रोप वीतभर वाढलेलं, चिखलणी, म्हणजे लावणीआधीची पाण्यातली नांगरट, खोळंबलेली, आणि मालक गडावर मरतोय. भाताच्या चिखलणीला मुहूर्त नसतो. पाणी असतं. ते उतरलं की बसा बोंबलत.

आपल्याकडं बाईनं नांगर धरायचा नाही अशी रीत. बाई रोप काढील, आवणीला ते लावील, कंबरेचा काटा ढिला होईस्तोवर वाकेल; पण रुमण्याला, म्हणजे नांगराच्या मुठीला तिचा हात लागला तर पाऊस रुसतो म्हणे. नंदाबाईनं त्या रीतीवर नवऱ्याचं घोंगडं टाकलं. घोंगड्याची खोळ कपाळापर्यंत ओढली, कासोटा गुडघ्याच्या वर खोचला आणि दिवसभरात खाचर चिखलून काढलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, भिमाजीच हाय.

वर बुरुजावर मालिकेतली सून उभी होती. गडाला वेढा पडलेला, कोठारं रिकामी. दिग्दर्शकाला खाली हा एकटा नांगऱ्या दिसला. त्यानं कॅमेरा तिकडं फिरवला आणि सुनेच्या तोंडी उभ्या उभ्या वाक्य घातलं, “तो खाली नांगरतोय, तोवर गड पडत नाही.”

तो भाग लागला तेव्हा देवळातल्या टीव्हीपुढं गाव उठून उभं राहिलं. भिमाजीचं खाचर, भिमाजीचे बैल, मग भिमाजीच! त्या साली आवणीनंतर पावसानं बारा दिवस ओढ दिलेली आणि हे कुणाच्या पापानं, याची पारावर चौकशी चालू होती. नंदाबाई गप बसली. भिमाजी शत्रूच्या बाजूनं मेलेला, तोही गप बसला. पहिल्या वर्षी तो गप बसला, दुसऱ्या वर्षी नुसता हसला, पाचव्या वर्षी आपण होऊन सांगायला लागला. दहाव्या वर्षी तर त्या चिखलाचा पायाला लागलेला गारवासुद्धा त्याला आठवू लागला.

आणि आता तीच मालिका नव्यानं निघणार होती.

जुन्या मालिकेचे भक्त मोठे. तळेगाव, लोणावळ्याची चांगली शिकलीसवरली माणसं, पण सुनेचं नाव काढलं की पोरासारखी भांडायची. त्यांच्या म्होरक्या वासंतीबाई, तळेगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळे भाग त्यांनी कॅसेटवर भरून जपलेले. कुठल्या भागात सुनेची नथ डावीकडची उजवीकडं गेली, ते झोपेत सांगतील. नव्या मालिकेची बातमी आली तशी मंडळी खवळली. आता चिखलातही सुनेला लिपस्टिक लावणार, तलवारीतून ठिणग्या काढणार! त्यांनी कंपनीला पत्र धाडलं की बाकी काय घालायचा तो गोंधळ घाला, नांगराचं दृश्य जसंच्या तसं पाहिजे. कंपनीही हुशार. म्हणाली, तोच माणूस हयात असेल तर त्यालाच घेऊ.

वासंतीबाईंचा त्या चौदा सेकंदांवर विशेष जीव. बांधाशी आल्यावर तो नांगऱ्या नांगर उचलत नाही; आडवा पाडतो आणि मांडीनं रेटून वळवतो. त्यावर बाईंनी दिवाळी अंकात लेख लिहिला होता, ‘मावळातील तीनशे वर्षांपूर्वीची नांगर वळवण्याची पद्धत’. पद्धत कसली डोंबलाची! नंदाबाईला नांगर उचलायला कुणी शिकवलंच नव्हतं. उचलेना, म्हणून तिनं पाडला आणि रेटला.

गावानं भिमाजीचं नाव सांगितलं. त्याचं नांगरणं आधी पारखायला कंपनीची माणसं आणि वासंतीबाई येणार, त्याच्या आदल्या दिवशी भिमाजी आरशापुढं बसून मिशी कातरत होता.

“माजं धोतार कुटं ठिवलंय?”

“कशाला?” नंदाबाईनं चुलीपुढूनच विचारलं.

“कशाला म्हंजी? उद्या नांगर धरायचाय.”

“तुमी कवा धरलावता त्यो?”

कात्री थांबली. “आगं हळू. शालन भाईर हाय.”

शालन म्हणजे शेजारची सून. खाचराला खाचर लागून, भिंतीला भिंत लागून.

“कोन ना कोन भाईर आसतंच. बत्तीस वरसं हळूच बोलले. आवंदा न्हाई. त्यांना नांगर धरनारा पायजे, तर त्यो मीच धरनार, आन समद्यांम्होरं धरनार. तुमीच सांगा त्या तळेगावच्या बाईला, का आमच्या मंडळींनी धरलाता. तुमी सांगितलं तर तुमचं तोंड ऱ्हाईल. मी सांगितलं तर न्हाई ऱ्हायचं.”

“आन लोकांनी इचारलं, मंग तू कुटं व्हतास?”

“सांगा, मेलतो म्हनून.”

भिमाजीनं मिशीचं एक टोक कातरलं, मग दुसरं, मग परत पहिलं. “सांगीन,” म्हणाला. सांगीन म्हणताना त्याचे कान हलले की तो सांगत नाही, एवढं छत्तीस वर्षांच्या संसारात नंदाबाईला कळलेलं होतं.

रविवारी सकाळी चार गाड्या आल्या. वीसेक माणसं उतरली, सगळ्यांच्या बनियनवर सुनेचं ते वाक्य छापलेलं. बरोबर कंपनीचा शार्दूल, दिग्दर्शकाच्या हाताखालचा तरणा गडी, पायात गमबूट, गळ्यात कॅमेरा. वासंतीबाईंनी भिमाजीला हात जोडले.

“भाऊ, ते तुम्हीच ना?”

भिमाजीनं नंदाबाईकडं पाहिलं. मग वीस छात्यांवर छापलेल्या त्या वाक्याकडं पाहिलं.

“व्हय,” तो म्हणाला. “मीच त्यो.”

हातातली चहाची किटली नंदाबाईनं बांधावर नीट बसवली आणि पदर खोचून उभी राहिली.

आता बैलांचं ऐका. गावात कामाची जोडी एकच उरलेली, नथूची. म्हातारी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पण जिथं टिलर चढत नाही तिथं तीच. भिमाजीला ती नको झाली. “टीव्हीत ती मरतुकडी दावायची व्हय?” म्हणून त्यानं बेडशाहून मेव्हण्याची जोडी आणली होती. शर्यतीची! अंडी-दूध खाऊन माजलेली, शिंगं रंगवलेली. गाडा पळवायच्या घाटाबाहेर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीबाहेर, त्या बैलांनी कधी जमीन तुडवली नव्हती.

बैल जुंपले. भिमाजीनं मिशीवरून हात फिरवून रुमणं धरलं. शार्दूलनं हात वर केला. आणि इथं आमच्या मावळ्यांची खोड आडवी आली. बांधावर नथू उभा होता. ज्याची हयात शर्यतीच्या घाटात गेली, त्याला रंगीत शिंगांची जोडी जुंपलेली दिसली की तोंड आपोआप उघडतं. शार्दूलचा हात खाली आला मात्र, नथू कोकलला, “भिर्रर्रर्र!”

बैलांना तेवढंच कळत होतं.

एक खाचर गेलं, बांध गेला, दुसरं खाचर गेलं. भिमाजीनं बांधाशी नांगर उचलायची खटपट केली. नांगरानंच त्याला उचललं. शेवटचे पंधरा-वीस हात तो पोटावर गेला. बैल थांबले ते शालनच्या रोपात.

“आवो आबा!” शालन तिकडून ओरडली. “माजं रोप! आता ह्ये बी दावा टीव्हीत!”

भिमाजी उठला. हाडं शाबूत होती, डोळे तेवढे दिसत होते. शहरातली मंडळी हसावं की धावावं या विचारात. वासंतीबाई मात्र खालच्या आवाजात म्हणाल्या, “हे ते नाहीत.”

“म्हणजे?” शार्दूलनं विचारलं.

“मी तो माणूस हजार वेळा पाहिलाय. भाऊ, तुम्ही नांगर उचलायला गेलात. तो कधीच उचलत नाही.”

नंदाबाई बांधावरून उतरली. “नथूभाऊ, तुमची जोडी आना.”

“कुनासाठी?”

“माज्यासाठी.”

“वयनी, डोकं ठिकान्यावर हाय ना? बाईच्या हातात रुमनं? ते बी माज्या बैलांमागं? पाऊस रुसंल.”

“रुसायचा तवा रुसून झाला. बत्तीस वरसामागं ह्याच खाचरात मीच धरलाता. आमचं ह्ये तवा वर शत्रूचं शिपाई व्हऊन मरत व्हतं.”

“आन म्हनूनच बारा दिस पानी गेलं!”

“गेलं, आन तेराव्याला आलं. मळनीला तुमीच व्हता. भात किती झालतं, सांगा की.”

नथूनं मान खाजवली. खोटं बोलावं तर मळणीला सगळं गाव होतं. “कणगीत मावंना,” तो पुटपुटला.

“आन तुमी नांगर धरता त्या सालाला पाऊस कदी वढ देतच न्हाई का?”

सगळ्या नजरा भिमाजीकडं वळल्या. त्यानं डोळ्यावरचा चिखल निपटला. आता नाही म्हणायची सोयच नव्हती, पण गडी निदान तोंड लपवून पळाला नाही.

“व्हय,” म्हणाला. “तिनंच धरलाता. मी मेलतो.”

बनियनवाल्यांतला एक जण एकदम पुढं घुसला. “सातव्या भागात बुरुजावरून पडतो तो मिशीवाला? तुम्ही? अहो, तुम्ही पडून परत उभे राहता आणि परत पडता!”

“पयल्यांदा नीट पडलो न्हवतो ना,” भिमाजी म्हणाला, आणि चिखलातून त्याचे दात दिसले.

नथूची जोडी आली. नंदाबाईनं बैलांच्या पाठी एकदा थोपटल्या, कासोटा वर घेतला आणि रुमण्यावर वजन टाकलं. ओरडणं नाही, चाबूक नाही. जिभेनं एक टकार, आणि म्हातारे बैल चालू पडले. चिखलाचा वास वर आला. बांध आला. तिनं नांगर आडवा पाडला, मांडी लावली, रेटला. पलीकडून नांगर सरळ उभा राहिला तो जसा काही आपल्या पायानं चालत गेला.

वासंतीबाईंनी कपाळाला हात लावला. “आणि मी दिवाळी अंकात काय लिहून बसले!”

शार्दूल खूश झाला. “मावशी, तुम्हीच करायचं. फक्त त्या दिवशी घोंगड्याची खोळ घ्या डोक्यावरून. जुन्यात तशीच आहे.”

“हो, हो, जसंच्या तसं!” मंडळी म्हणाली.

“खोळ न्हाई घ्यायची,” नंदाबाई म्हणाली.

“अहो, पण मग बाई आहे हे कळेल.”

“कळावं म्हनून तर धरला.”

“मावशी, लोकांना जुनं आहे तसंच पाहिजे. यांनी पत्र दिलंय.”

“मंग खोळीत कुनालाबी घाला. आत कोन हाय त्ये कुटं दिसतंय?” असं म्हणून तिनं जोतं सोडायला घेतलं. एक बैल सुटलासुद्धा.

मंडळींत कुजबुज झाली. एक म्हणाला, बदलच करायचा तर लिपस्टिकनं काय घोडं मारलंय? दुसरा म्हणाला, कॅमेरा जरा लांब ठेवू. वासंतीबाई चप्पल बांधावर काढून सरळ चिखलात उतरल्या. पहिल्याच पावलाला घोट्याच्या वर रुतल्या.

“पत्र मी लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “जसंच्या तसं म्हणजे जसं घडलं तसं. बत्तीस वर्षं सून त्या बुरुजावरून खाली बघतेय. बघतेय कुणाकडं, ते तिला आता तरी दिसू दे. शार्दूल, फोन लाव तुझ्या साहेबांना. खोळ आली तर आमच्यातला एकही माणूस तुमची मालिका बघायचा नाही.”

खाचरात रेंज नव्हती. शार्दूल देवळापर्यंत गेला. नंदाबाई जू धरून उभी. एक बैल जुंपलेला, एक मोकळा. भिमाजी किटलीतला गार चहा प्याला आणि दुसरा कप बायकोला नेऊन दिला. तिनं घेतला.

शार्दूल धापा टाकत आला. “खोळ नाही! सर म्हणाले, चेहरा जवळून घेऊ. शुक्रवारी सकाळी सातला.”

“सातला बैल दमत्यात. सहाला या.”

“सहाला.”

गाड्या गेल्या. नथू बैल सोडायला आला. पलीकडं शालन चेंगरलेलं रोप उभं करत होती. तिनं कंबर सरळ केली, इकडं तिकडं पाहिलं आणि बांधाशी आली.

“मावशी, एक इचारू? रुमनं धरल्यावर जोर हातात द्यायचा का कंबरंत?”

“पायात,” नंदाबाई म्हणाली. “नथूभाऊ, जोडी सोडू नका आजून.”