किटलीतलं मतदान

आमच्या घरी सुट्टीत कुठं जायचं हे मतदानानं ठरतं. मैत्रिणींना सांगितलं की त्या हसतात. त्यांच्याकडे वडील ठरवतात आणि आई बॅगा भरते. आमच्याकडे ही पद्धत बाबांनी सुरू केली, मी शाळेत जायला लागले तेव्हा. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी विदर्भातून दिल्लीला आलेला माणूस, आणि संविधानावर इतकी श्रद्धा की रोजची भाजीसुद्धा त्यांनी मतं घेऊनच ठरवली असती. आईनं तेवढं होऊ दिलं नाही.

रविवारी सकाळी मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील झालं की आई तर्रीपोह्यांच्या तयारीला लागायची. तर्रीसाठी रात्री भिजवलेले काळे चणे एका वाटीत, पोह्यांसाठी शेंगदाणे दुसऱ्या वाटीत, आणि शेजारी झाकणाची दुधाची किटली. एकेकानं स्वयंपाकघरात जायचं, दार लोटून घ्यायचं, एक चणा किंवा एक शेंगदाणा किटलीत टाकायचा आणि बाहेर यायचं. कोणता दाणा कशासाठी हे आधीच ठरलेलं असायचं. घरात जो सगळ्यात लहान, त्यानं मोजायचं. कुणी काय टाकलं हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. मग ती मतं धुऊन तर्रीत आणि पोह्यांत जायची आणि आम्ही निकाल खाऊन टाकायचो.

नियमांच्या बाबतीत बाबा फार कडक. भाऊ दुसरी-तिसरीत असताना त्याला सिमल्याला जायचं होतं, म्हणून त्यानं दोन शेंगदाणे टाकले. मोजायलाही तोच होता, आणि चारच्या जागी पाच निघाले असं जाहीर करणाराही तोच. बाबांनी आवाज चढवला नाही. मतदान रद्द आणि प्रवासही रद्द, एवढंच म्हणाले. तो सगळा मे महिना आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये कूलरसमोर बसून काढला. एका माणसाचं एकच मत, हे त्या उन्हाळ्यात आमच्या इतकं डोक्यात बसलं की पुढे नागरिकशास्त्राचा तो धडा मी वाचलाच नाही.

आई आणि बाबांची मतं नेहमी एकमेकांच्या विरुद्ध पडायची. मतदान गुप्त, पण एवढ्याशा घरात कसलं आलंय गुप्त? बाबांना त्याचा राग येत नसे, उलट अभिमान वाटे. आमच्या मिसेस मला विचारून मत देत नाहीत, असं ते ऑफिसात चहा पिताना सांगायचे. ते दोघं एकमेकांना रद्द करायचे आणि मी नि भाऊ जन्माचे वैरी, त्यामुळे बरोबरी ठरलेलीच. बरोबरी झाली की नेहमीसारखं नागपूर, हाही नियमच. लहानपणाच्या बहुतेक सुट्ट्या आम्ही अशा बरोबरीत नागपूरला घालवल्या.

आईला मात्र जहाजात बसायचं होतं. समुद्राचं वेड वगैरे काही नव्हतं तिला, समुद्र तिनं पाहिलाही नव्हता. तिचं कारण वेगळं होतं. दिल्लीतलं आमचं घर म्हणजे विदर्भाची धर्मशाळा होती. कुणी परीक्षेच्या क्लाससाठी आलेला, कुणी मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावायला, कुणी मंत्रालयात अडकलेलं काम घेऊन. सरोजिनी नगरला हीच तऱ्हा, द्वारकेत स्वतःचा फ्लॅट झाला तर ती वाढलीच, कारण आता एक खोली जास्तीची होती. बाबा सगळ्यांना बिनधास्त या म्हणायचे. पोळ्या आई लाटायची. मग कधीतरी पोळी तव्यावर टाकताना ती म्हणायची, "जहाज बरं. किनारा सुटला की कुणाला येऊन बेल वाजवता येत नाही."

आम्ही हसायचो. तीही हसायची, पण तिला ते मनापासून हवं होतं हे आम्हाला चांगलं माहीत होतं.

माझा घटस्फोट झाला आणि मी मुलीला घेऊन द्वारकेला आई-बाबांकडे राहायला आले. मुलगी कळती झाल्यावर तिलाही मत मिळालं. मतं पाच झाली आणि बरोबरी संपली. गेल्या हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेलं तेव्हा, गॅसवर कुकर आहे, एवढंच ती मला म्हणाली. आठवड्याच्या आत ती गेली.

आई गेली आणि पाहुणे थांबले. सुरुवातीला भेटायला आले ते तेवढेच. नंतर लोक फोनवर म्हणायचे, तुम्हाला कशाला त्रास, आम्ही तिकडे गेस्ट हाउसमध्ये उतरलोय. मला त्या सगळ्यांचा मनस्वी राग आला. इतकी वर्षं त्यांना त्रास दिसला नव्हता, आणि आता त्रास घेणारी उरली नाही तेव्हा दिसला. बाबा मात्र हॉलमध्ये दार दिसेल अशा खुर्चीत बसून राहायचे. फिरायला चला म्हटलं की म्हणायचे, कुणी आलं तर दार कोण उघडेल? खाली सोसायटीच्या बागेतसुद्धा जाईनासे झाले. पँट कमरेला ढगळ व्हायला लागली. मी ऑफिसातून घरी आले की सकाळचा पेपर तसाच घडी घातलेला असायचा, आणि मला धडकी भरायची.

त्यांना एकदा या घराबाहेर काढायचं, मी आणि भावानं ठरवलं. तेवढ्यावरच आमचं एकमत झालं. भाऊ गुडगावला एकटा राहतो, लग्नाचा विषय काढला की त्याला नेमका कुणाचा तरी फोन येतो. त्यानं नवी गाडी घेतली होती. त्याचं म्हणणं, दिवाळीच्या सुट्टीत गाडीनं नागपूरला जाऊ. आग्रा, झाशी, सागर, सिवनी असं रमतगमत, वाटेत नात्यातली घरं लागतात तिथं मुक्काम करत. बाबांना माणसं हवीत, ताई, तो म्हणाला, पाणी काय बघायचं? त्याचं चुकत नव्हतं. माझी मुलगी मात्र फोनवर मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचे व्हिडिओ सगळ्यांना दाखवत फिरत होती. आणि मी तिच्या बाजूची होते. कशासाठी, ते सांगायला नको.

बाबांना विचारलं तर म्हणाले, तुम्ही जा. फार गळ घातली तेव्हा, बरं, मत घ्या, म्हणाले. पण लगेच एक अट घातली. आता चारच मतं, तेव्हा बरोबरी होऊ शकते. झाली तर कुठंच जायचं नाही. नागपूरही नाही. मग पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही.

हिशोब मला तिथंच कळला. भाऊ रस्त्याचा. बाबा जन्मभर रस्त्याचेच, चार घरी चहा प्यायल्याशिवाय त्यांना प्रवास केल्यासारखं वाटत नाही. मी आणि मुलगी जहाजाच्या. म्हणजे बरोबरी. भावाला मी समजावलं, तू तरी माघार घे. तो म्हणाला, तूच घे की. दोघंही हट्टाला पेटलो, आणि बाबा त्या खुर्चीत बसूनच राहिले.

रविवारी वंदना झाली. दाणे मीच काढून ठेवले होते. चणा म्हणजे गाडी, शेंगदाणा म्हणजे जहाज. किटली आईचीच, झाकणाची कडी सैल झालेली. आधी मुलगी जाऊन आली, मग भाऊ, मग मी. स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि मी चणा उचलला. एवढं केलं असतं तर गाडीची तीन मतं झाली असती आणि बाबा घराबाहेर पडले असते. हेच शहाणपणाचं होतं, हे मला ठाऊक होतं. पण ओट्यावर तिचा तवा होता. या घरात जहाजाला तिचं एक मत असायचं, ते आज कुणी टाकणार होतं का? मी चणा वाटीत परत टाकला आणि शेंगदाणा किटलीत सोडला. बाहेर आले तेव्हा स्वतःचाच राग येत होता. मेलेल्या माणसाच्या हौसेसाठी मी जिवंत माणसाला खुर्चीत बसवून ठेवलं होतं.

शेवटी बाबा गेले. त्यांना जरा वेळ लागला. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मग दार उघडलं, बाबा किटली स्वतःच घेऊन आले, टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले.

मुलीनं किटली ताटात उपडी केली. बोटानं दाणे वेगळे केले, पुन्हा मोजले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मम्मा, ये तो पाँच हैं।"

तीन शेंगदाणे, दोन चणे. घरात माणसं चार.

 भावाचा चेहरा बघवत नव्हता. याच चुकीसाठी एक अख्खा उन्हाळा भोगलेला माणूस तो. आणि नियम घालणारे बाबा ताटाकडे बघत होते, परीक्षेत कॉपी करताना पकडल्या गेलेल्या मुलासारखे. नियमानं मतदान रद्द होणार होतं. पुन्हा चार जणांनी मतं टाकायची, पुन्हा बरोबरी, आणि विषय कायमचा बंद.

"नियम मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "एक माझं आहे. एक तिचं. हात आपोआप गेला असं म्हणणार नाही, मुद्दामच टाकलं. रद्द करायचं तर करा."

मी त्यांना काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारायचं नसतं. पण दाणे समोर होते आणि हिशोब सोपा होता. बायकोच्या नावानं जास्तीचं मत टाकताना त्यांना दोन्ही चणे टाकता आले असते. त्यांना हवा असलेला रस्ता तेवढ्यानं जिंकला असता, आणि तिचं मत कोणतं हे कुणी विचारलंही नसतं. त्यांनी एक चणा टाकला आणि तिच्या नावानं एक शेंगदाणा. जन्मभर ती त्यांना रद्द करत आली होती. ती नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःला रद्द करून घेतलं. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

मुलीला काय करावं कळेना. तिनं मामाकडे पाहिलं. भावानं नाक पुसलं आणि तिचं बोट धरून एकेका दाण्यावर ठेवत पुन्हा मोजलं, पाचपर्यंत.

"बरोबर आहेत," तो म्हणाला. "निकाल लागला, बाबा. जहाज. मी हरलो."

"मीपण," बाबा म्हणाले. आणि मग, "तिनं हरवलं." त्यांचा आवाज फुटला. आईला स्मशानात नेलं त्या दिवशीसुद्धा ते रडले नव्हते, लोकांना खुर्च्या देत होते. आज आमच्या तिघांसमोर, पोह्यांच्या वेळेला, ते मोठ्यानं रडले. मुलगी त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली आणि अच्छा आबा, बस, बस, असं काहीतरी म्हणत राहिली.

पोहे झाले. मतं धुतली आणि नेहमीप्रमाणे तर्रीत नि पोह्यांत टाकली. तर्री आईसारखी झाली नव्हती, हे बाबांनी सांगितलं. बरेच महिने त्यांनी जेवणाला नाव ठेवलं नव्हतं, म्हणून मला ते ऐकून बरं वाटलं.

खाऊन झाल्यावर भावानं फोन काढला. जहाजाचं बुकिंग आत्ताच करून टाकतो, म्हणाला, नाहीतर बाबांचं मन बदलेल. जावं कुठल्या तारखेला, खोल्या किती, हे मला विचारलं. मग तिकिटांपाशी आला आणि फोनकडे बघतच थांबला. किती, हे आम्हा दोघांच्याही तोंडून बाहेर पडेना. ताटात मोजलेले पाच अजून डोळ्यांसमोर होते.

बाबा उठले. दार दिसणारी खुर्ची सोडून टेबलाशी आले आणि त्याच्या खांद्यावरून फोनमध्ये पाहिलं.

"चार काढ," ते म्हणाले. "मत तिचं होतं. जाणारे आपण चारच."